स्कॅनरवर ‘मिश्रण लीन’ (हवा जास्त, पेट्रोल कमी) असा कोड येतोय आणि गॅरेजवाले ऑक्सिजन सेन्सर बदला म्हणतात. सेन्सरच्या व्होल्टेजवरून हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण मोजता येईल का?

आधी एक सांगते, सेन्सर आज बदलू नका.

व्होल्टेजवरून नेमकं प्रमाण मोजता येत नाही. तुमच्या गाडीत बहुधा साधा झिरकोनियाचा सेन्सर असेल. तो फक्त बाजू सांगतो. १४.७ किलो हवेला १ किलो पेट्रोल या प्रमाणापेक्षा पेट्रोल जास्त झालं की ०.९ व्होल्टच्या आसपास जातो, कमी झालं की ०.१ वर येतो. मधे ०.४५ पाशी व्होल्टेज कड्यावरून पडावं तसं एकदम बदलतं. ०.८ दिसले म्हणजे प्रमाण १२ आणि ०.७ म्हणजे १३, असे तक्ते मांडणारे लोक आहेत. त्यांच्या नादी लागू नका. आकडाच हवा तर वाइडबँड, म्हणजे नेमकं प्रमाण मोजणारा सेन्सर आणि त्याचा कंट्रोलर लावावा लागतो.

पण तुमच्या गॅरेजवाल्याचं वाक्य मी आमच्या घरात ऐकलंय, म्हणून हे लिहायला बसले.

२०१३ चा पावसाळा. अप्पांची पेट्रोल हॅचबॅक रोज नाशिक-सिन्नर जायची. अॅव्हरेज १६ वरून ११ वर आला आणि चेक लाइट लागला. कोड पी०१७१, म्हणजे तुमचाच. आमचे दाजी, ताईचे यजमान, पंचवटीत गॅरेज चालवतात. कार्बोरेटरच्या काळापासूनचा हात, नुसत्या आवाजावरून टायमिंग सांगणारा माणूस. त्यांनी प्लग काढले, चारही काळेकुट्ट. म्हणाले, “प्लग सांगतायत पेट्रोल जास्त जातंय, सेन्सर सांगतोय कमी जातंय. म्हणजे सेन्सर गेला.” नवा बसवला. पंधरा दिवसांत लाइट परत. “हा पीसच खराब निघाला” म्हणून दुसरा बसवला. लाइट पुन्हा आला.

मी तेव्हा सातपूरला इंजिन टेस्टिंगमध्ये होते. म्हटलं, दाजी, सेन्सरला पेट्रोल दिसतच नाही. तो धुरातला ऑक्सिजन बाहेरच्या हवेतल्या ऑक्सिजनशी ताडून बघतो, बस. तिथे ऑक्सिजन आहे असं तो म्हणत असेल तर तो आहे. कुठून आला ते आपण शोधायचं. सगळ्यांसमोर उत्तर मिळालं, “तुझं पुस्तकातलं ज्ञान राहू दे.” अप्पाही गप्प बसले. ते मला अजून लागतं.

रविवारी मी गाडी घरी घेतली. आधी सेन्सर जिवंत आहे का ते पाहिलं. इंजिन गरम असताना इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जाते तिथे, कार्ब क्लीनरचा फवारा मारला (तोही पेट्रोलसारखा जळतो), व्होल्टेज क्षणात ०.९. इनटेकची एक व्हॅक्यूम होज उपसली, जादा हवा शिरली, ०.१. सेन्सर ठणठणीत. मग ट्रिम पाहिली, म्हणजे कॉम्प्युटर स्वतःहून किती टक्के पेट्रोल वाढवतोय ते. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, +२३, २५०० आरपीएमला (मिनिटाला फेरे) +८. त्यात सकाळी थंड गाडी सुरू केली की एक बारीक टिक-टिक यायची आणि गरम झाल्यावर थांबायची. दाजी म्हणायचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या भागांचा आवाज.

संध्याकाळी इंजिन पूर्ण थंड झाल्यावर व्हॅक्यूम क्लीनर उलटा, ब्लोअरवर लावून सायलेन्सरच्या तोंडात धरला आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडरमधला धूर गोळा करणाऱ्या पाइपवर, साबणाचं पाणी फवारलं. तिसऱ्या सिलिंडरच्या गॅस्केटपाशी बुडबुडे आले.

एक्झॉस्टमधला दाब ठोक्याठोक्याने वरखाली होतो. दोन ठोक्यांच्या मधे तो बाहेरच्या दाबाखाली गेला की त्या फटीतून हवा आत ओढली जाते आणि सेन्सरपर्यंत पोचते. आयडलला हे जास्त, आरपीएम वाढला की कमी. सेन्सरने हवा पाहिली, कॉम्प्युटरने पेट्रोल वाढवलं, प्लग काळे झाले. दाजींचे प्लग खरे होते, सेन्सरही खरा होता. चूक एवढीच की दोन साक्षी जुळेनात म्हणून त्यातली एक फेकून दिली.

तुम्हीही प्लग बघा, आयडल आणि २५०० ची ट्रिम लिहून काढा, सकाळचा आवाज ऐका. ट्रिम वेगात आणि चढावर वाढत असेल, कसारा घाट चढताना वगैरे, तर मात्र फ्युएल पंप आणि फिल्टरकडे बघा. मिसफायर असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतच नसेल, तर तेही बघा. न जळलेला ऑक्सिजनसुद्धा सेन्सरला लीनच दिसतो.

सेन्सर कधी मरतच नाहीत असं नाही. चुकीचं सिलिकॉन सीलंट वापरलं किंवा इंजिन ऑइल खात असेल तर मरतात, आणि म्हातारे झाले की सुस्त होतात. म्हणून तर आधी तपासायचा. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, त्याने आदर्श प्रमाणच साडेतेराच्या आसपास येतं. जुन्या गाडीत ट्रिम थोडी प्लसला दिसली तर घाबरू नका. सीएनजीवर आकडे वेगळे असतात, पेट्रोलवर टाकूनच वाचा.

गॅस्केट दाजींनीच बदलली, पैसे घेतले नाहीत. सेन्सरबद्दल एक शब्द बोलले नाहीत, आणि आजही कुठल्या लग्नात विषय निघाला की “ते सेन्सर भंगारच होते” म्हणतात. दाजी, तुम्ही हे वाचत असाल तर सांगते: गॅस्केट बदलल्यावर मी तुमचा नवा सेन्सर काढून पहिला, कंपनीतून आलेला, परत बसवला होता. २०१७ ला गाडी विकली तेव्हाही तोच होता.