फक्त ब्रायडल मेकअप करायचा, पार्लरची कामं नाहीत: असं करिअर होतं का?

तुम्ही लिहिलंय की वय २७, पुण्यात आयटीत नोकरी, ती सोडून मेकअप आर्टिस्ट व्हायचंय, तीन महिन्यांचा एक कोर्स बघून ठेवलाय आणि पुढे स्वतःचं सलॉन काढायचंय. मालिका-सिनेमात काम मिळेल का, हेही विचारलंय. इथपर्यंत सगळं ठीक. पण मध्ये एक वाक्य आहे, "थ्रेडिंग-वॅक्सिंगसारखी पार्लरची कामं मला करायची नाहीत, मला आर्टिस्ट व्हायचंय." मी उत्तर लिहायला बसले ती त्या वाक्यासाठी.

माझं सांगलीत सलॉन आहे. मी रोज थ्रेडिंग करते, आजही. ब्रायडलच्या ऑर्डरीही घेते, मुहूर्ताच्या दिवशी अंधार असतानाच व्हॅनिटी उचलून कार्यालय गाठते. ही दोन कामं वेगळ्या पायरीची आहेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक तर धागा हातात धरलेला नसतो, नाहीतर हळदीपासून वरातीपर्यंत एखादी नवरी सांभाळलेली नसते.

हा वाद मला नवा नाही. सलॉन काढलं तेव्हा आम्ही दोघी भागीदार होतो. तिचा हात फार चांगला. आयलायनर एका दमात ओढायची, दोन्ही डोळे तंतोतंत. मुंबईला जाऊन मोठमोठ्या लोकांचे मास्टरक्लास करून आली आणि तेव्हापासून थ्रेडिंगच्या खुर्च्या तिच्या डोळ्यांत खुपायला लागल्या. म्हणायची, दारात आयब्रोला बायका बसलेल्या दिसल्या की मोठ्या ऑर्डरीची क्लायंट बाहेरूनच परत जाते. तिला खिडकीजवळच्या त्या खुर्च्या काढून तिथे रिंग लाइट आणि मोठा आरसा लावायचा होता. मी नाही म्हणत होते, ती ऐकत नव्हती.

त्यातच मे महिन्यातलं एक लग्न आलं. नवरीचे मामा हळदीचे अडते. सांगलीत हळदीला काय तोटा, त्यांनी ताजी दळलेली राजापुरी आणलेली. आदल्या संध्याकाळी मावश्या-आत्यांनी हौसेने माखली, फोटो निघेपर्यंत पोरगी तशीच बसून राहिली आणि रात्री साबण लावून, काथ्याने घासून तोंड धुतलं. हे सगळ्याच घरांत होतं. हळदीचा रंग तेलात सुटतो, पाण्यात सुटत नाही. साबण लागला की तो उलट लालसर होतो, टॉवेलवर तसे डाग पडतात. त्यामुळे सकाळी खुर्चीत बसली तेव्हा तिची मान, कानामागचा भाग, केसांची कड आणि नाकपुड्यांच्या बाजू पिवळ्या, आणि गाल घासून घासून लाल झालेले.

नवरी भागीदारणीकडे होती. मी शेजारच्या खुर्चीवर साइडर मेकअप करत होते, करवलीचा. ट्रायल महिनाभर आधी झालेली, फाउंडेशनचा शेड नंबर डायरीत लिहिलेला. तिने तोच शेड काढला आणि बेस सुरू केला. चेहरा गुलाबीसर गोरा आणि खाली मान पिवळी, जणू डोकं एकीचं आणि धड दुसरीचं. तिने आणखी एक थर दिला, मग नारिंगी करेक्टर, म्हणजे नको असलेला रंग मारायचं क्रीम. गालावर बेस धरेचना, ब्रश फिरवला की पापुद्रे सुटून यायचे. फोटोग्राफरने फ्लॅश मारून एक फोटो काढून दाखवला आणि नवरी रडायलाच लागली.

ती त्वचा अशी का वागतेय हे मला माहीत होतं, कारण त्या मुलीच्या भुवया आठवडाभर आधी मी केल्या होत्या. थ्रेडिंग करताना दोन बोटांनी कातडी ताणून धरायची असते. तेव्हा बोटांना कळतं की कातडी जाड आहे की पातळ झालीय, कोरडी आहे की नुसती वरून तेलकट. हिच्या भुवईवर धागा फिरला तिथे लाल रेघ उठली आणि बराच वेळ गेली नाही. मी विचारलं, तोंडाला काय लावतेस? म्हणाली, पिंपल्ससाठी डॉक्टरांनी ॲडापॅलीन दिलंय, रोज रात्री लावते. अशा क्रीमवर असलेल्या मुलीचं अप्परलिप वॅक्सने कधी करू नये, वॅक्सबरोबर कातडी निघून येते. म्हणून मी ते धाग्याने केलं आणि लग्नाआधी क्रीमचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारायला सांगितलं. तिने लग्नाच्या गडबडीत ते केलं नव्हतं. भागीदारणीलाही मी हे त्याच दिवशी सांगितलं होतं. ती म्हणाली, बेस चांगला असला की काही होत नाही.

मी करवलीला थांबवलं आणि नवरीचा सगळा मेकअप उतरवला. खोबरेल तेल तळहातावर कोमट करून मान, कान, केसांची कड सगळीकडे नुसतं टेकवत लावलं, चोळलं अजिबात नाही. ओल्या कापसाने टिपलं, कापूस पिवळा आला. परत तेल, परत कापूस, तो पांढरा येईपर्यंत. मग सौम्य क्लेन्झर, मॉइश्चरायझर आणि मग थांबायचं. हे थांबणं सगळ्यांत अवघड. दारात नवरीची आई, तिच्यामागे मामा, आतून कुणीतरी ओरडतंय की गुरुजी बोलावतायत, आणि तुम्ही मॉइश्चरायझर मुरायची वाट बघताय. घाईने त्यावर बेस टाकला असता तर तो पुन्हा सरकला असता. मानेवर जो पिवळेपणा उरला होता त्यावर जांभळट करेक्टर अगदी पातळ दिला, कारण पिवळ्याला जांभळा मारतो. नारिंगी डोळ्यांखालच्या निळसर काळेपणासाठी असतो, हळदीवर त्याचा काही उपयोग नाही. फाउंडेशन दोन शेड मिसळून मानेच्या रंगाला जुळवलं, गालावर कमीत कमी. कपाळावर मुंडावळ्या घासतात म्हणून तिथे बेस जवळपास नाहीच. फ्लॅशमध्ये तोंड पांढरं पडू नये म्हणून सिलिकाची पावडर टाळली. मुलगी थोडी उशिरा बोहल्यावर चढली, होमाच्या धुरात डोळे पाणावले तरी काही ओघळलं नाही, आणि अल्बममध्ये मान आणि तोंड एका रंगाचं आहे.

गाडीत परत येताना भागीदारीण म्हणाली, "अजून एक थर दिला असता तर कव्हर झालं असतं."

तिथे माझं मन उठलं. काही महिन्यांनी आम्ही वेगळ्या झालो. ती मेकअप स्टुडिओ काढायला गेली, खुर्च्या माझ्याकडे राहिल्या. पुढे २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी दुकानात शिरलं, फर्निचर गेलं, मशिनं गेली. जेमतेम सावरतोय तोवर मार्च २०२० उजाडला. लग्नं पन्नास माणसांत व्हायला लागली, ब्रायडलच्या ऑर्डरी संपल्यात जमा. २८ जूनपासून महाराष्ट्रात सलॉन उघडायला परवानगी मिळाली ती कशाकशाला? केस कापणं, डाय, वॅक्सिंग आणि थ्रेडिंग. त्वचेच्या बाकीच्या कामांना बंदी होती. माझ्याकडच्या मुलींचे पगार त्या खिडकीजवळच्या खुर्च्यांनी काढले. तेव्हा तिचा फोन आला होता, तुझ्याकडे थ्रेडिंगला गर्दी आहे का, म्हणून. मी हो म्हणाले, एवढंच.

आता तुमचे प्रश्न. करिअर आहे का, तर आहे, पण पैसा सीझनचा आहे. तुळशीचं लग्न झालं की ऑर्डरी सुरू, पौषात थंड, मग थेट मे-जूनपर्यंत पळापळ आणि आषाढीनंतर चातुर्मासात शुकशुकाट. दुकानाचं भाडं आणि मुलींचे पगार मात्र बाराही महिने द्यावे लागतात. श्रावणात मंगळागौरीला, मग गौरी-गणपतीला बायका येतात त्या आयब्रो, वॅक्स आणि क्लीनअपला. ज्यांच्याकडे ही कामं नाहीत ते या महिन्यांत क्लास घेतात. नवशिक्यांचे इतके क्लास निघण्यामागे हेही एक कारण आहे.

कोर्सबद्दल बोलायचं तर तीन महिन्यांत ब्रश धरायला येतो, माणसाची त्वचा कळत नाही. आयटीआयला कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे, फी अकॅडमीच्या मानाने किरकोळ, आणि तिथे तुम्हाला नको असलेली सगळी कामं करून घेतात. परदेशी जायचा विचार असेल तर सिडेस्को या आंतरराष्ट्रीय ब्यूटी संस्थेचा डिप्लोमा बाहेर ओळखतात. अकॅडमीतच जाणार असाल तर फी भरण्याआधी एवढंच विचारा की सराव कुणाच्या चेहऱ्यावर होणार. एकमेकींच्याच चेहऱ्यांवर होणार असेल तर बावीस-चोविशीच्या चांगल्या त्वचेवर हात बसेल आणि पन्नाशीची वरमाय समोर आली की अडाल. त्यानंतर निदान वर्षभर एखाद्या चालत्या सलॉनमध्ये पगारावर काम करा. पगार आयटीसारखा नसेल, म्हणून नोकरी सोडण्याआधी पैसे बाजूला ठेवा.

सलॉनसाठी मुद्रा कर्ज मिळतं, किशोर गटात पाच लाखांपर्यंत, तरुणमध्ये दहा लाखांपर्यंत. सगळं कर्ज इंटीरियरमध्ये घालू नका. वर्षाची उलाढाल वीस लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलॉनच्या सेवांवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आलाय, पण त्यात इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणजे खुर्च्या, एसी, प्रॉडक्ट यांवर भरलेला कर तुमच्याच खिशातून जातो. दर ठरवताना तो धरा.

सिनेमाचं मला आतून फारसं माहीत नाही. पंढरीदादा जूकर, विक्रम गायकवाड अशा मराठी माणसांनी हिंदीत रंगभूषेचं मोठं काम केलं हे सगळ्यांना ठाऊक आहे. बायकांचं मात्र वेगळं होतं. मुंबईतल्या सिने मेकअपवाल्यांच्या असोसिएशनमध्ये बायकांना हेअरड्रेसरचं कार्ड मिळायचं, मेकअप आर्टिस्टचं नाही. चारू खुराना आणि इतर काहीजणी कोर्टात गेल्या आणि १० नोव्हेंबर २०१४ ला सुप्रीम कोर्टाने तो नियम मोडीत काढला. कोणतं काम कुणाच्या लायकीचं, हे दुसऱ्यांनी ठरवल्यावर काय होतं ते या बायकांनी भोगलंय. तुम्ही तेच थ्रेडिंगवालीच्या बाबतीत ठरवून आलाय, म्हणून मला लागलं.

हे सगळं सांगली-मिरजेच्या अनुभवावरून लिहिलंय. मुंबईत फॅशन शूट आणि जाहिराती करणारे लोक धागा न धरता चांगलं कमावतात, मी त्यांच्या पोटावर पाय देत नाही. त्वचेवर पुरळ, जखम, ॲलर्जी दिसली तर ते डॉक्टरांचं काम, आपलं नाही. हेअर डायची पॅच टेस्ट ४८ तास आधी घ्यायचीच, नेहमीची क्लायंट कितीही हसली तरी. आणि मैत्रिणीबरोबर सलॉन काढणार असाल तर खुर्च्या कुणाच्या, क्लायंटचे नंबर कुणाचे, डिपॉझिट कुणी भरलं, हे वकिलाकडून कागदावर घ्या. आमचा कागद होता, त्यामुळे वेगळं होताना आम्ही पैशांवरून एका शब्दानेही भांडलो नाही. भांडलो ते फक्त थ्रेडिंगवरून, आणि त्यात माझंच बरोबर होतं असं मला आजही वाटतं.