एन्झाइमच्या गोळ्यांनी कॅन्सरची गाठ विरघळते का?

मामांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघालाय आणि ओळखीचं कुणीतरी म्हणतंय, "केमो नको, पाचक एन्झाइमच्या गोळ्या घ्या, त्या गाठ पचवून टाकतात." त्यात तथ्य आहे का, असं तुम्ही विचारलंय. नाही.

प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी वाढवण्यात माझी बरीच वर्षं गेली. या पेशी फ्लास्कच्या तळाला घट्ट चिकटून बसतात. त्या सोडवायला आम्ही ट्रिप्सिन घालतो. हो, तेच ट्रिप्सिन, जे स्वादुपिंड प्रथिनं पचवायला तयार करतं. चारपाच मिनिटांत चपट्या पेशी गोल होऊन सुट्या तरंगायला लागतात. मरत मात्र नाहीत! नव्या फ्लास्कमध्ये टाकल्या की दुसऱ्या दिवशी पुन्हा चिकटलेल्या. आणि ट्रिप्सिन थांबवायला काय घालतो? सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा पातळ द्रव. रक्तातच त्याला निकामी करणारी प्रथिनं असतात. मग गिळलेली गोळी गाठीपर्यंत पोचून काय दिवे लावणार?

उलट कापाकापी करणारी एन्झाइम्स कॅन्सरच्याच उपयोगी पडतात. मेटॅलोप्रोटिनेज नावाची एन्झाइम्स पेशींभोवतीचं कोलॅजन या चिवट प्रथिनाचं जाळं कुरतडतात आणि गाठीला पसरायला वाट मिळते. अशा एन्झाइमचा छडा १९६२ साली लागला, तोही बेडकाच्या पिल्लाची शेपटी विरते कशी हे शोधताना. पुढे त्यांना अडवणारी मारिमास्टॅटसारखी औषधं आली. रुग्णांचे सांधे धरले, कॅन्सर काही हटला नाही.

गोळ्यांची कल्पना मात्र जुनी. एडिनबराचे भ्रूणशास्त्रज्ञ जॉन बेअर्ड यांनी १९०६ च्या सुमारास ट्रिप्सिनचा उपाय सुचवला होता. अलीकडे अमेरिकेत स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या ५५ रुग्णांवर तुलना झाली: ३२ जणांनी एन्झाइमचा मार्ग घेतला, २३ जणांनी केमो. निष्कर्ष २०१० मध्ये छापून आले. जगण्याचा मध्यक (म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) एन्झाइमवाल्यांचा ४.३ महिने, केमोवाल्यांचा १४. गट रुग्णांनी स्वतः निवडले होते, ही त्यातली त्रुटी खरी. पण एवढा फरक बघून मी तरी माझ्या माणसाची केमो थांबवणार नाही.

आता मामांच्या उपयोगाचं. स्वादुपिंडाचे रस आतड्यात कमी पडले की जेवण अंगी लागत नाही, संडास तेलकट, तरंगणारी होते, वजन उतरतं. तसं होत असेल तर डॉक्टरांना सांगा. ते पॅन्क्रिएटिनच्या, म्हणजे पाचक एन्झाइमच्याच, कॅप्सूल देतात (गाठीसाठी नव्हे, अन्न पचायला), आणि त्या जेवणाच्या पहिल्या घासाबरोबरच घ्यायच्या, उपाशीपोटी नाही. या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. मामा शाकाहारी असतील तर आधीच त्यांच्या कानावर घाला.