मशीन दुरुस्तीला गेलंय आणि मला सारखं रडू येतंय

"मॅडम, एका मशीनपायी कुणी एवढं रडतं का? घरचे म्हणतात, माणूस गेल्यासारखं काय करतेस!"

मी समुपदेशक आहे, आणि घरी शिवणकाम करणाऱ्या बायकांकडून हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. कुणाची झोप उडालेली असते, कुणी मुलांवर विनाकारण खेकसत असते, कुणाला आपण वेड्याबिड्या झालोय की काय अशी धास्ती असते. सरळ उत्तर आधीच देऊन टाकते. हो, रडतात, आणि त्यात वेडेपणा काही नाही. मात्र ते रडू नेमकं कशाचं, हे प्रत्येकीच्या बाबतीत वेगळं निघतं.

ज्यांच्याविषयी लिहितेय त्या ताई पुण्यात धनकवडीच्या बाजूला राहतात, घरीच ब्लाउज शिवतात. (लिहायला त्यांची हरकत नाही. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) गौरी-गणपतीच्या तोंडावर शेजारच्या मुलाच्या जीन्सची उंची कमी करून देताना जाड शिवणीवर सुई मोडली. सुई बदलून त्या पुढे गेल्या, पण मोडताना ती शटलच्या, म्हणजे सुईखाली दोरा पकडणाऱ्या भागाच्या टोकाला घासली होती. नव्या सुईनेही टाके सुटायला लागले, कापडाखाली दोऱ्याचा गुंता व्हायला लागला. मेकॅनिकने येऊन पाहिलं, टायमिंग गेलंय (म्हणजे सुई आणि शटलचा मेळ बसत नाही), शटलही बदलावं लागेल म्हणाला, आणि टेबलातून मशीन काढून घेऊन गेला. "परवा देतो" म्हणाला होता. त्या परवाचं "पार्ट यायचाय" झालं आणि पुढे तर तो फोनच उचलेना.

ताई माझ्याकडे आल्या तेव्हा गळ्यात टेप तसाच होता. बोलता बोलता उजवा पाय फरशीवर दाबत होत्या, सोडत होत्या, पुन्हा दाबत होत्या. पायडलवरचा पाय! त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

सुरुवातीला सगळं पैशाचं आणि शब्दाचं निघालं. गौरीच्या आदल्या दिवशीपर्यंत देते म्हणून घेतलेली कापडं पिशव्यांत पडून होती. गिऱ्हाइकांचे फोन त्या घेत नव्हत्या. "माझा शब्द खाली पडला तर माझी किंमत काय राहिली?" हे वाक्य त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. अल्बर्ट एलिस या मानसोपचारतज्ज्ञाने 1955 च्या सुमारास जी विवेकनिष्ठ पद्धत मांडली, ती अशाच वाक्यांवर बोट ठेवते. "वेळेत द्यायला मिळालं असतं तर फार बरं झालं असतं" ही इच्छा झाली. "वेळेत दिलंच पाहिजे, नाहीतर मी कवडीमोलाची" हा हट्ट झाला. इच्छा मोडली की वाईट वाटतं, चिंता वाटते, पण माणूस फोन उचलू शकतो. हट्ट मोडला की फोन पालथा घालून ठेवतो. मी ताईंना एवढंच विचारलं, "तुमचा मेकॅनिक फोन उचलत नाही तेव्हा तुम्हाला काय वाटतं?" त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग हसल्या, आणि लगेच रडल्याही.

त्याच दिवशी माझ्यासमोर बसून त्यांनी पहिला फोन केला. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून घेतलं होतं: "माफ करा, मशीन बिघडलंय. गौरीआधी ब्लाउज होईल याची खात्री देऊ शकत नाही. दुसरीकडे शिवायचं असेल तर कापड संध्याकाळी घेऊन जा." तीन वाक्यं, माफी एकदाच. चार-चार वेळा माफी मागितली की समोरचं माणूसही आपल्याला गुन्हेगार समजायला लागतं, असं माझं स्वतःचं निरीक्षण आहे. ज्यांचं कार्य जवळ आहे त्यांना आधी, बाकीच्यांना नंतर. काहींनी कापड परत नेलं. एक काकू तोंडाला येईल ते बोलल्या. एका बाईने मात्र, "माझ्याकडचं मशीन नुसतं पडून आहे, येऊन शिवा की," म्हटलं. ताई गेल्या, अगदी नडीचे ब्लाउज तिथे शिवून आल्या आणि वैतागल्या. परक्या मशीनचं टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, हाताला कळत नाही, पायडल जरा दाबलं की सुसाट पळतं. पण कामं निघाली.

हे सगळं मार्गी लागलं तरी झोप येईना. मग मी त्यांना त्यांचा एरवीचा दिवस सांगायला लावला, सकाळपासून, घड्याळ लावून. दुपारी मशीनवर, चहानंतर पुन्हा मशीनवर, रात्री जेवणं उरकली की परत. "रात्री कशाला? तेव्हा तर घाईचं काही नसतं," मी म्हटलं. त्या सहज बोलून गेल्या, "मशीन चालू असलं की कुणी हाक मारत नाही ना."

माझ्या दृष्टीने खरी गाठ इथे होती. तीन खोल्यांत सहा माणसं, स्वतःची अशी खोली सोडा, कपाटाचा कप्पाही पुरा नाही. मशीनचा खडखडाट हा त्यांचा लावून घेतलेला दरवाजा होता. तो आवाज चालू आहे तोवर सासूबाई पाणी मागत नाहीत, नवरा मोजे शोधत नाही, नणंदेच्या फोनवर तासभर हं हं करावं लागत नाही. आवाज थांबला त्या दिवसापासून घरात एकच वाक्य सुरू झालं: "आता तू मोकळीच आहेस ना." मग माळा साफ करणं, करंज्यांचं सारण, दिराच्या मुलाचा अभ्यास, बँकेतली रांग, सगळं त्यांच्या गळ्यात. कुणी दुष्टपणा करत नव्हतं हो. सगळ्यांना मनापासून तसंच वाटत होतं. काम म्हणजे आवाज, आवाज नाही म्हणजे काम नाही.

खरं तर शिवणकामातलं बरंच काम बिनआवाजाचं असतं. मापं घालून कटिंग, अस्तर धुऊन इस्त्री करणं, टक्सच्या (फिटिंगसाठीच्या चुण्यांच्या) खुणा, शिवून झालेल्यांना हुक-आय, हेमिंग, साडीला हाताने फॉल. आम्ही पिशव्या दोन भागांत लावल्या: मशीनशिवाय अडतं ते आणि अडत नाही ते. आणि ठरवलं की नेहमीच्याच वेळी, त्याच जागी, मशीनच्या रिकाम्या टेबलाशी बसायचं. याला कारण आहे. हाताला लागलेलं, जमणारं काम एकाएकी थांबलं की मन खचतं, आणि मन खचलं की काही करावंसं वाटत नाही. हे चक्र उमेद येण्याची वाट पाहून सुटत नाही, आधी हात हलवावे लागतात. रात्री पडल्या पडल्या जे हिशेब डोक्यात घुमत, त्यांना संध्याकाळची पंधरा मिनिटं नेमून दिली. चिंता सगळी तेव्हा, वहीत लिहून. रात्री आली तर "उद्या संध्याकाळी" म्हणायचं. हे लगेच जमत नाही, रोज केलं की हळूहळू जमतं.

अवघड गेलं ते एक वाक्य. "मी काम करतेय, पाचनंतर बघते." खडखडाटाच्या आडून न बोलता, तोंडाने म्हणायचं. आम्ही ते तालमीसारखं घोकलं. मी सासूबाई झाले, ताई ताईच राहिल्या. पहिल्यांदा त्यांनी ते इतकं मिळमिळीत म्हटलं की मीच सासू म्हणून त्यांना पुन्हा पाणी आणायला लावलं. घरी म्हटलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "मशीन नाही तर कसलं काम?" ताईंनी कापलेले ब्लाउज समोर मांडून दाखवले. नवऱ्याशी वेगळं बोलणं झालं, त्यालाही मी एकदा बोलावलं. तो समजूतदार निघाला. सगळ्यांचे निघत नाहीत, हेही सांगायला हवं.

ज्यांचं प्रकरण इतकं सरळ नसेल त्यांच्यासाठी एक. दिवसाचा बराच वेळ उदासी, कशात रस नाही, झोप-भूक बिघडलेली, असं दोन आठवडे किंवा जास्त चाललं असेल तर मशीन परत यायची वाट बघत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर दोन आठवडेही थांबू नका. टेलिमानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

ताईंचं मशीन गौरी विसर्जनानंतर आलं, म्हणजे सीझन हुकलाच. पैशाचं नुकसान झालं ते झालं. मेकॅनिकने कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखालचा कापसाचा थर काढून दाखवला आणि मशीनमध्ये खोबरेल तेल घालता का म्हणून विचारलं. घालत होत्या. घट्ट होऊन सगळं चिकटलं होतं.

आता सर्व्हिसिंग दरवर्षी पितृपक्षात करायचं असं ताईंनी ठरवलंय. तेव्हा नवे कपडे फारसं कुणी शिवायला टाकत नाही आणि मेकॅनिकलाही सवड असते. ते दिवस कटिंगचे, असं त्यांनी घरात आत्ताच सांगून ठेवलंय.