अलंकारांची यादी पुरणार नाही

निबंधासाठी क्लॉड मॅकेची १९१९ ची ‘इफ वी मस्ट डाय’ ही कविता निवडलीस, छान. पण नुसते अलंकार मोजत बसू नकोस. त्या उन्हाळ्यात अमेरिकेत कृष्णवर्णीयांवर जमाव तुटून पडत होते आणि या जमैकन कवीनं उत्तरासाठी घेतलं काय, तर शेक्सपिअरी सुनीत! चौदा ओळींचा, ठरलेल्या यमकांचा, गोऱ्यांनीच मानाचा मानलेला साचा. संताप मोकाट सुटत नाही, यमकांत बांधला जातो; मला तरी खरी जिद्द तिथेच दिसते. प्राण्यांच्या प्रतिमा नीट बघ: आपण डुकरांसारखं मरायचं नाही, पिसाळलेले कुत्रे आहेत ते हल्लेखोर, आणि शेवटच्या दोन ओळींत ‘आपण’ माणसांसारखे उभे. वर्णाचा उल्लेख मात्र कुठेच नाही. तो का टाळला असेल, यावर वेगळा परिच्छेद लिही. अनुप्रास एका वाक्यात उरक.