'हॅटट्रिक' की 'तिहेरी मुकुट'?

प्रश्न असा आहे: महिला बास्केटबॉलमधल्या एखाद्या क्लबने एकाच हंगामात आपल्या देशाची लीग, देशाचा चषक आणि युरोलीग (युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा) अशी तिन्ही विजेतेपदं मिळवली, तर त्याला 'विजेतेपदांची हॅटट्रिक' म्हणावं का?

माझ्या मते म्हणू नये. हॅटट्रिक आपल्याकडे क्रिकेटमधून रुळली, सलग तीन चेंडूंवर तीन बळी. हॉकी-फुटबॉलच्या तीन गोलांना सलगतेची अट नसते हे खरं, पण विजेतेपदांची गोष्ट निघाली की मराठी वाचकाच्या मनात 'तीच स्पर्धा सलग तिसऱ्यांदा' हाच अर्थ येतो. आमदारसुद्धा सलग तिसऱ्यांदा निवडून आला तरच हॅटट्रिक करतो. लॅटव्हियातल्या रिगाच्या टीटीटी क्लबने 1964 ते 1975 असा सलग बारा वेळा युरोपियन कप, म्हणजे युरोलीगची पूर्वीची स्पर्धा, जिंकला. हॅटट्रिकच्या जातीचा पराक्रम तो.

इस्तंबूलच्या गालातासाराय क्लबने 2013-14 मध्ये केलं ते वेगळं. तुर्की लीग, तुर्की चषक आणि युरोलीग, तिन्ही एकाच हंगामात. युरोलीगचा अंतिम सामना रशियातल्या येकातेरिनबर्गला झाला आणि समोर इस्तंबूलचेच कट्टर प्रतिस्पर्धी फेनरबाचे होते, निकाल 69-58. लीगमध्ये महिनोन्‌महिने सातत्य लागतं, चषकात एक वाईट दिवस घरी पाठवतो, युरोपात तर प्रतिस्पर्धीही बदलतात. तीन वेगळ्या परीक्षा एका दमात पार केल्या, हे सांगायला 'तिहेरी मुकुट' हाच नेमका शब्द आहे. इंग्लंडमधल्या घोड्यांच्या तीन मानाच्या शर्यतींवरून ही कल्पना पुढे इतर खेळांत पसरली.

एक अडचण मात्र आहे, आणि ती अस्सल आपली आहे. खो-खोच्या राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले की बातमी येते 'महाराष्ट्राला दुहेरी मुकुट'. बॅडमिंटनमध्ये एकाच खेळाडूने एकेरी आणि दुहेरी जिंकली तरी दुहेरी मुकुटच. गालातासाराय, फेनरबाचे या क्लबांचे पुरुष संघही नावाजलेले, त्यामुळे दोन स्पर्धा जिंकणाऱ्या महिला संघाबद्दल नुसतं 'दुहेरी मुकुट' वाचून पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले असा घोटाळा होणारच. म्हणून पहिल्या उल्लेखात स्पर्धांची नावं द्यावीत: 'लीग, चषक आणि युरोलीग जिंकून तिहेरी मुकुट'. अमेरिकेत लास वेगास एसेसने 2022 मध्ये डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगचं अजिंक्यपद आणि तिच्याच हंगामात होणारी कमिशनर्स कप स्पर्धा, दोन्ही जिंकलं, तिथेही हेच करावं.

सुपर कप यात धरत नाहीत. तो दोन विजेत्या संघांमधला एका सामन्याचा मामला; जिंकला तर वेगळा सांगावा.

'मुगूट' लिहिलं तरी चूक नाही, पण क्रीडापानांवर 'मुकुट' स्थिरावला आहे. क्रियापदाकडेही लक्ष असू द्या: हॅटट्रिक 'साधतात', मुकुट 'पटकावतात' किंवा 'मिळवतात'.