हेमिंग्वेच्या नावाचं माँ ब्लाँ पेन इतकं महाग का? त्यात एवढं काय आहे?

लिहिण्याच्या दृष्टीने म्हणाल तर फार काही नाही. सोन्याची निब, दट्ट्या फिरवून शाई ओढायची सोय, हे त्याहून बऱ्याच स्वस्त पेनांतही मिळतं. पैसे जातात ते नावाचे आणि मोजक्या संख्येचे. हॅम्बुर्गच्या या कंपनीने लेखकांच्या नावाची मालिका 1992 मध्ये हेमिंग्वेपासून सुरू केली. फाउंटन पेनं काढली 20,000. खालचा भाग पोवळ्याच्या रंगाचा, टोपण गडद तपकिरी, घडण त्यांच्याच 1930 च्या दशकातल्या जाडजूड पेनावर बेतलेली. मालिकेतलं पहिलं पेन म्हणून संग्राहक आजही त्याच्यामागे धावतात. गंमत म्हणजे हेमिंग्वे स्वतः लिहायचा पेन्सिलीने, नाहीतर टाइपरायटरवर!

मला विचाराल तर 1993 चं अगाथा ख्रिस्ती जास्त देखणं. काळ्या टोपणावर चांदीचा साप, तोच क्लिप, आणि सापाचे डोळे माणकांचे. विषप्रयोगांच्या कथा लिहिणाऱ्या बाईंना हे शोभतंच.

1996 मध्ये मात्र कंपनीची फजिती झाली. पेन अलेक्सांद्र द्युमा थोरल्यांचं, आणि सही कोरली मुलाची! बापलेकांचं नाव एकच, तोही लेखक. चूक पुढे सुधारली, पण चुकीच्या सहीची पेनं तोवर बाजारात गेली होती.

वापरायला हवं असेल तर यातलं कुठलंच घेऊ नका. एकदा खाली पडलं की निब वाकणार आणि तुम्ही रडणार. जुनं घेत असाल तर शाई ओढून बघा, दट्ट्या घट्ट झालेला असतो.