बारावी कॉमर्स झाली, आता इंजिनिअरिंग कसं?

प्रश्न : मुलगी यंदा कॉमर्सने बारावी पास झाली, गणित नव्हतं. आता कॉम्प्युटर इंजिनिअर व्हायचं म्हणते. कॉलेजवाले म्हणतात, नियमात बसत नाही. एक एजंट दुसऱ्या राज्यातलं सायन्सचं बारावीचं सर्टिफिकेट काढून देतो म्हणतोय. काय करू? – एक पालक, संगमनेर

उत्तर : नमस्कार दादा,

आधी एजंटचं. त्याला आजच नाही म्हणा. असला कागद पडताळणीत कधीही उघडा पडतो, अगदी शेवटच्या वर्षालासुद्धा. प्रवेश रद्द होईल तो तुमच्या मुलीचा, आणि पोलीसही आधी तिच्याच दारात येतील.

कॉलेजने सांगितलं ते खरं, पण अर्धंच. सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, देऊन पहिल्या वर्षाला जायचं तर बारावीला फिजिक्स आणि गणित लागतंच. पण इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षालाही प्रवेश मिळतो. तिथे पॉलिटेक्निकचा डिप्लोमा बघतात, सीईटी लागत नाही. आणि डिप्लोमाला लागते फक्त दहावी, किमान ३५ टक्क्यांची. म्हणजे जो कागद हवा तो तुमच्या घरातच आहे.

तीन वर्षं डिप्लोमा, तीन वर्षं डिग्री. सहा वर्षं होतात, हे तिला स्पष्ट सांगा. वर्गात बहुतेक पंधरा-सोळा वर्षांची मुलं असतील, सुरुवातीला तिला अवघडल्यासारखं होईल. पण पहिल्या सेमिस्टरचं गणित दहावी झालेल्या मुलांसाठीच बेतलेलं असतं. जिथे तिचं गणित सुटलं, तिथूनच ते पुन्हा सुरू होईल. माझ्या मते तिच्यासाठी ही वाट सगळ्यात भक्कम आहे.

इतकी वर्षं नको वाटत असतील तर आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन बीएस पदवी अभ्यासक्रम आहे. बारावी कोणत्याही शाखेची चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी हवं. जेईई नाही. आधी चार आठवड्यांचा अभ्यास, मग क्वालिफायर परीक्षा. ती पास झाली की प्रवेश. लेक्चर घरी, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन. ही बी.टेक. नव्हे, पण सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी चांगली तयारी होते. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली आहे, त्यामुळे बी.कॉम. करता करताही ती हे करू शकते. मेहनत दुप्पट पडेल, तेवढं धरून चला.

पैशांचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) गटातल्या मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक पदवीची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच हवा, मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. डिग्रीच्या वेळी हे विसरू नका.

आता शाळा सोडल्याचा मूळ दाखला ज्युनिअर कॉलेजात असेल तर आधी तो सोडवून घ्या. डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला आणि लागू असेल तर नॉन-क्रीमीलेअरचा अर्ज याच आठवड्यात टाका, सेतू केंद्रात ऐन प्रवेशाच्या दिवसांत झुंबड उडते. आणि तंत्रशिक्षण संचालनालयाच्या डिप्लोमाच्या माहितीपुस्तिकेतलं पात्रतेचं पान मुलीलाच वाचायला लावा. अडलं तर प्रवेशाच्या जवळच्या सुविधा केंद्रात तिलाच विचारू द्या.